कानातली नागीण

हे लिहा म्हणून डॉक्टर सायली माझ्या मागे लागली. परळच्या ज्या हॉस्पिटलात माझं ऑपरेशन झालं, तिथे ती संशोधन करते. "ताई, तुमच्यासारखा त्रास ज्यांना झालाय त्यांनी वाचलं तर त्यांना धीर येईल," असं तिचं म्हणणं. धीर देण्यासारखं माझ्याकडे काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. माझा अर्धा चेहरा गेला, तो पुरता परत आला नाही आणि आता येणारही नाही. तरी लिहिते, कारण ती पोरगी चांगली आहे आणि माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही.

उपयोगाचं तेवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी चालेल. कानात किंवा कानाच्या पाळीवर दुखऱ्या फोडांचा पुंजका दिसला, की त्याच दिवशी डॉक्टरला गाठा. गेरू लावायचाच असेल तर नंतर लावा.

गेरू

सुरुवात ठणक्याने झाली. डावा कान उशीला टेकवता येईना. दुसऱ्या दिवशी पाळीच्या आतल्या बाजूला लाल फोड दिसले. मी विमा कंपनीच्या दादरच्या ऑफिसात काऊंटरवर बसायचे, ग्रॅज्युएट आहे, मोबाइलवर जगातलं सगळं शोधता येतं. तरी कान मी सगळ्यात आधी कुणाला दाखवला, तर आईला.

डिलाईल रोडच्या चाळीतली आमची खोली मूळची आईची. बाबा गेल्यावर ती एकटी पडली म्हणून मी आणि माझा नवरा महेश तिच्याकडेच राहायला आलो. लग्न होऊन आई मालवणहून मुंबईत आली, सगळा जन्म इथे गेला, पण तिची बोली काही सुटली नाही. तिने चष्मा लावला, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि कानात बघून म्हणाली, "नागीण आसा ही. इंजेक्शन घेतलंस तर उलटी आत शिरतली. आत्ताच डाक्टराकडे जाव नको."

नागिणीच्या बाबतीत आमच्याकडे सगळं ठरलेलं असतं. तिची दोन्ही तोंडं जुळू द्यायची नाहीत. त्यासाठी जाणत्या माणसाने मंत्र म्हणून गेरूची रेघ ओढायची. डॉक्टरने हात लावला की ती बिथरते. हे मला लहानपणापासून पाठ होतं आणि खरं सांगायचं तर पटतही होतं, कारण चाळीत कितीजणांची नागीण मी तशी बरी होताना पाहिली होती. ती आपली आपणच बरी होते, रेघ ओढा नाहीतर नका ओढू, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

भोईवाड्यात तात्या म्हणून एक म्हातारे गृहस्थ राहतात, पूर्वी गिरणीत होते. त्यांच्याकडे महेशनेच स्कूटरवरून नेलं. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे तो हे विसरला. तात्या पैसे घेत नाहीत, देवापुढे नारळ ठेवायचा एवढंच. सहाणेवर गेरू उगाळला, पुटपुटत माझ्या कानाभोवती गोल रेघ काढली आणि पथ्य सांगितलं. सुकी मच्छी नाही, वांगं नाही, कानाला पाणी नाही, वाऱ्यात जायचं नाही. निघताना महेश त्यांच्या पाया पडला. तात्यांनी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. त्यांना जे येत होतं ते त्यांनी मनापासून केलं, आणि तेवढे दिवस मी स्कार्फ गुंडाळून घरात बसून राहिले.

चहा

एके सकाळी चहाचा घोट घेतला आणि तो डाव्या बाजूने गाऊनवर सांडला. मला वाटलं कपच तडकला आहे. दुसरा कप घेतला, तोही सांडला. महेश समोर पेपर वाचत होता. त्याने वर बघितलं आणि बघतच राहिला.

"शुभा, तोंड असं का करतेयस?"

मी तोंड कसंच करत नव्हते. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा माझा होता आणि अर्धा खाली ओघळलेला. डावा डोळा मिटत नव्हता. हसून बघितलं तर उजवा ओठ एकटाच वर गेला. मी आरसा पालथा घातला.

हॉस्पिटलात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी स्पिरिटच्या बोळ्याने गेरू पुसला. "हे काय लावलंय?" असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कानात बॅटरी मारली. निदान ऐकून मला हसूच आलं असतं, येत असतं तर. म्हणाले, "नागीण आहे." नाव आईने सांगितलं तेच निघालं. फक्त ही नागीण कातडीवर थांबणारी नव्हती. ती चेहरा हलवणाऱ्या नसेत शिरली होती आणि त्या नसेला सूज येऊन ती चेपली गेली होती.

गोळ्या लगेच सुरू झाल्या. मी विचारलं, "बरं होईल ना?" डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "होतं बऱ्याच जणांचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असता तर जास्त चांगलं झालं असतं." बाहेर बाकड्यावर आई बसली होती. तिला मी यातलं पहिलं वाक्य सांगितलं आणि दुसरं गिळलं.

वाट बघणं

पुढचे कित्येक महिने मी काय केलं, तर वाट बघितली. नस आपली आपण जागी होईल म्हणून. रोज सकाळी आरशासमोर भुवई उचलायचा प्रयत्न, गाल फुगवायचा प्रयत्न, आणि गालातून फुस्स करून हवा जायची. आजारपणात माणूस शहाणा होतो म्हणतात. मी फक्त चिडकी झाले. प, ब, म हे शब्दांत आले की माझी गाडी घसरायची. 'बाबा' म्हणायला गेले तर भलतंच काहीतरी ऐकू यायचं. डोळ्यात थेंब टाकायचे, झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद करायची. दादरला भाजी घेताना, मी दारू पिऊन आले आहे असं समजून एका भाजीवालीने भाव सांगायचंच टाळलं.

ऑफिसात हजेरीसाठी चेहरा बघणारं मशीन होतं. रजा संपवून गेले तेव्हा ते मला ओळखेना. मागे रांग लागली आणि मशीन आपलं पुन्हा पुन्हा सांगतंय की चेहरा जुळत नाही. शिपायाने वहीत सही करायला सांगितली. दुपारी साहेबांनी बोलावलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्हालाच काऊंटरवर त्रास होईल, तुम्ही थोडे दिवस आत बसा." ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत.

घरात वेगळंच सुरू झालं. महेशला कुणावर तरी राग काढायचा होता आणि आई हाताशी होती. "मी बोलत होतो, डॉक्टरला दाखवा म्हणून," तो म्हणायचा. तो असं काही बोलला नव्हता. मी म्हणायचे, "स्कूटर कोणी काढली होती?" मग तो शर्ट चढवून खाली जायचा. आई मोरीपाशी बसून भांडी घासत राहायची, स्वच्छ झालेलं भांडंसुद्धा पुन्हा घासायची. मला तिचा राग येत नव्हता असं नाही. यायचा. पण तिने माझ्या ताटातला भात मऊ कालवून समोर ठेवला, की तो राग कुठे ठेवावा ते समजायचं नाही.

त्या दिवसांत मला जगावंसं वाटत नव्हतं. हे वाक्य डॉक्टर सायलीने काढून टाकायला सांगितलं तर मी ऐकणार नाही. मरायचा काही बेत मी केला नव्हता. फक्त सकाळी जाग आली की आपण का उठलो असं वाटायचं.

नळ्या

चेहऱ्याच्या सर्जरीच्या विभागात मला पाठवलं तेव्हा डॉक्टर सायली भेटली. तिथले सर्जन आणि विषाणूंवर काम करणारी मंडळी मिळून एक अभ्यास करत होती. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू मरत नाही, नसांच्या मुळाशी झोपून राहतो. शरीराचा पहारा ढिला पडला की उठतो. मग काहींचा चेहरा परत हलायला लागतो आणि काहींचा नाही, असं का, त्यांच्या रक्तात वेगळं काय असतं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्ताच्या नळ्या भरून द्यायच्या.

"याने मला काय फायदा?" मी विचारलं.

"तुम्हाला बहुतेक काहीच नाही," ती म्हणाली. "पुढच्या पेशंटना कदाचित."

"आणि मी कोणत्या गटात?"

"सुधारणा न झालेल्यांच्या. ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण असे लोक आम्हाला कमी मिळतात. तुम्ही आमच्यासाठी फार महत्त्वाच्या आहात."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणासाठी तरी फार महत्त्वाची झाले, ती अशी. मी सही केली. महिनोन्महिने सगळे मला "होईल हो बरं" म्हणत होते. तोंडावर 'नाही' सांगणारी ही पहिलीच भेटली होती.

मुलाखतीला आईला बरोबर आणा, असं तिने सांगितलं होतं. लहानपणीच्या आजारांचं आईलाच ठाऊक असतं. आई इस्त्रीचं पातळ नेसून आली. कांजिण्यांचं विचारल्यावर खुलली. "दुसरीत होती तेव्हा बाया इल्ल्यो हिच्या अंगार. कडूनिंबाचो पालो घातलंय, घरात फोडणी दिलंय नाय. एक डाग ऱ्हवलो नाय." डॉक्टर सायलीने सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि आत्ता कानात फोड दिसल्यापासून औषध सुरू होईपर्यंत किती दिवस गेले?"

मी म्हणाले, "लक्षात नाही." मला चांगलं लक्षात होतं.

"पाच दिस," आई म्हणाली. "मी हिका भोईवाड्यात धाडलंय. नागीण उतरवूक." आणि मग तिने तो प्रश्न विचारला, जो मी इतके महिने घरात येऊ दिला नव्हता. "डाक्टरीण बाय, तेव्हाच हयसर हाडला असता, तर हिचा तोंड ऱ्हवला असता?"

डॉक्टर सायलीने पेन खाली ठेवलं. तिने खोटं बोलायला हवं होतं. "नक्की नाही सांगता येत, आजी. लवकर औषध मिळालं तर बऱ्याच जणांना फायदा होतो. सगळ्यांना होत नाही."

आईने मान हलवली. घरी जाताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. त्या दिवसापासून तिने माझ्या चेहऱ्याकडे बघणं सोडलं. बोलायची, वाढायची, डोक्याला तेल लावायची, पण नजर माझ्या हातांवर नाहीतर भिंतीवर. मला माझा चेहरा हवा होता तो तोवर माझ्यासाठी. त्यानंतर तो आईसाठी हवा झाला. तिने एकदा माझ्याकडे सरळ बघावं, एवढ्यासाठी मी कापून घ्यायला तयार झाले.

सोनं आणि दोरा

सर्जन मोठे होते, बोलणं मोजकं. स्वतःच्या गालावर बोट फिरवून त्यांनी समजावलं. चेहऱ्याची नस गेली आहे. चावण्याची नस शाबूत आहे. तिचा एक फाटा काढून हसण्याच्या स्नायूला जोडायचा. फार उशीर केला तर स्नायूच वाळून जातो, मग जोडून उपयोग नाही. डोळा मिटावा म्हणून वरच्या पापणीत सोन्याचा छोटा तुकडा बसवायचा, त्याच्या भाराने पापणी खाली येते. महेश म्हणाला, "लग्नात दोन बांगड्यांवर भागवलं होतं, आता वसूल कर." कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं हसलो, मी अर्धीच.

ऑपरेशनच्या सकाळी सर्जननी माझ्या गालावर जांभळ्या पेनाने खुणा केल्या, कानापासून ओठापर्यंत रेघ ओढली. आई पायथ्याशी उभी होती. ती रेघ बघून ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

वॉर्डातल्या दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही. गालाला टाके, तोंड उघडायचं नाही, पातळ पेज. पहाटे सिस्टर, मग झाडू, मग राऊंड. शेजारच्या खाटेवर नसीम म्हणून एक बाई होती, जबड्याच्या ऑपरेशनला आलेली. पेज पिताना माझ्या ओठातून गळायची, तेव्हा ती काही न बोलता हात लांब करून आपल्या ओढणीने पुसायची आणि पुन्हा छताकडे बघत पडून राहायची. महेशला हे जमलं नाही. तो गळणारी पेज दिसली की फोन काढायचा. तो वाईट नाही. त्याला बघवत नव्हतं.

घरी आल्यावर पुन्हा तेच, वाट बघणं. गाल तसाच मेलेला. अनेक महिन्यांनी फिजिओथेरपीच्या बाईंनी आरसा धरायला सांगून म्हटलं, "आता दात घट्ट आवळा." मी आवळले, आणि डाव्या ओठाचा कोपरा हलला. अगदी थोडा, पण वर गेला.

"हेच तुमचं हसू," बाई म्हणाल्या. "चावायची नस आहे ना ती. दात आवळले की हसू येणार. सरावाने पुढे कदाचित न आवळता येईल."

मी विचारलं, "आणि कुणी विनोद केला तर?"

"आधी लक्षात ठेवून आवळायचे."

म्हणजे माझं हसू आनंदाशी जोडलेलं उरलं नाही, जबड्याशी जोडलं गेलं. चपाती चावतानासुद्धा माझा गाल हसतो. घरात मी हे कुणाला दाखवलं नाही. कोपरा थोडा जास्त वर जायला लागला की आईला दाखवू, असं ठरवून मी मोरीचं दार लावून सराव करत राहिले.

आई

त्याआधीच आईचं हृदय थकलं. पाय सुजले, मग धाप लागायला लागली. तिला त्याच हॉस्पिटलात दाखल केलं, कारण आता आम्हाला तिथले जिने पाठ होते. छातीत पाणी होत होतं, काढलं की पुन्हा भरायचं. दुपारी डॉक्टरांनी मला आणि महेशला व्हरांड्यात घेतलं आणि सांगितलं की कोकणातल्या नातेवाइकांना कळवायचं असेल तर आज कळवा.

महेश फोन करायला गेला. मी आत गेले. आई ऑक्सिजनच्या नळीवर श्वास घेत होती, हात गार. मी खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसले. तिच्यासमोर रडायचं नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं. रडले तर आपलं संपत आलंय हे तिला कळेल. गळ्यात हुंदका आला तसे मी दात आवळले, जितके आवळता येतील तितके.

तेवढ्यात आईने मान वळवली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. हातांकडे नाही, भिंतीकडे नाही. चेहऱ्याकडे.

तिने सलाईन लावलेला हात उचलला आणि माझ्या डाव्या गालावर ठेवला. "हसतंस गो बाय," ती म्हणाली. "हसतंस मा?"

बोलायचं तर दात सोडावे लागले असते. मी मान हलवली.

"बरा झाला," ती म्हणाली. "तोंड बरा झाला तुजा. माका वाटला, माझ्यामुळे ता तसाच ऱ्हवतला."

मी पुन्हा मान हलवली. माझ्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, ते मी खांद्याला पुसलं. आई बघत राहिली. इतक्या महिन्यांचं बघायचं राहिलेलं तिने त्या दुपारी बघून घेतलं, आणि मी तिला जे दाखवत होते ते हसू नव्हतं. जबडा कानापर्यंत दुखायला लागला, टाक्यांची जागा ताणली, दाढा एकमेकींत रुतल्या. मग तिचे डोळे मिटले आणि हात गालावरून घसरून चादरीवर पडला. ती झोपली आहे की नाही ते मला कळेना, म्हणून मी दात सोडले नाहीत. सिस्टरने येऊन तिची नाडी बघितली आणि मला खांद्याला धरून उठवलं, तरी सोडले नाहीत.